मायफळातली माशी



ज्या घरात तान्हे मूल आहे, किंवा कधी काळी होते, त्या घरातल्या मंडळींना बाळगुटीची सहाण दाखवायला नको. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, सुंठ, हिरडा, जायफळ, आणि या सगळ्यांत एक बोराएवढे वाटोळे, करड्या रंगाचे, अंगावर बारीक उंचवटे असलेले मायफळ. बाळाची आंघोळ झाली की सहाणेवर एकेकाचे ठरलेले वळसे घ्यायचे आणि ते चाटण बोटाने त्याच्या जिभेला लावायचे. ही गुटी द्यावी की नाही, द्यावी तर किती, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरला विचारावे. तो माझा विषय नव्हे. मला आज बोलायचे आहे ते त्या मायफळाबद्दल, आणि त्यातही त्याला पडलेल्या भोकाबद्दल.

माझ्या लहानपणी आठवड्याच्या बाजारातून गुटीचे सामान आणण्याचे काम माझ्याकडे असे. निघताना आजी हटकून बजावी, "मायफळ नीट बघून घे रे. भोक पडलेलं घेऊ नकोस, किडकं असतं ते." मी दुकानदाराच्या डब्यात हात घालून एकेक मायफळ फिरवून बघे आणि बिनभोकाचे निवडून आणी. आजी ते उजेडात धरून पाही नि म्हणे, "हं, हे चांगलं आहे."

पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकू लागलो तेव्हा ध्यानात आले की आजीची निवड बरोबर होती, पण कारण मात्र नेमके उलटे होते. भोक पडलेल्या मायफळात कीड नसते. ती केव्हाच निघून गेलेली असते. भोक म्हणजे तिच्या जाण्याचे दार. आणि ज्याला भोक नाही, जे आम्ही दोघांनी एवढे पारखून घेतलेले, त्याच्याच पोटात कीड मरून वाळून पडलेली असते! आजीला हे सांगायचा धीर मला कधी झाला नाही. घरातल्या सगळ्या नातवंडांना तिने तेच उगाळून चाटवले होते.

ती कीड आत गेली कशी, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. बाहेरून शिरायला तर भोकच नाही. याचे उत्तर असे की ती आत गेलीच नाही. आधी ती होती, आणि तिच्याभोवती मायफळ वाढले.

मायफळ हे नावापुरते फळ. जायफळाच्या शेजारी बसून त्याला ते नाव मिळाले असावे असे वाटते खरे, पण जायफळ हे खरोखरीचे बी आहे आणि मायफळ ही झाडाला आलेली गाठ आहे. ते झाड म्हणजे ओक. आपल्याकडे ओक हे आडनाव आहे, झाड नाही. सह्याद्रीच्या रानात ओक उगवत नाही. हिमालयात गेलात तर बांज या नावाने त्याचा एक भाऊबंद भेटेल. मायफळ देणारा ओक मात्र त्याहूनही पश्चिमेचा. तुर्कस्तान, सीरिया, इराण या मुलखांतल्या डोंगरउतारांवर तो खुजा, झुडपासारखा वाढतो. सीरियातल्या हलब शहराची, ज्याला युरोपातले लोक अलेप्पो म्हणतात, मायफळांची पेठ शेकडो वर्षे प्रसिद्ध होती. फारसीत या गाठीला माजू म्हणतात, त्यावरून हिंदीत माजूफल झाले. आपल्या वैद्यकाच्या पुस्तकांत तिला मायाफल असेही नाव सापडते, आणि ते मला फार आवडते. फळ दिसते आणि फळ नसते, याला माया नाही तर काय म्हणायचे?

आता ही गाठ होते कशी ते ऐका. मुंगीहून फारशी मोठी नसलेली एक माशी ओकच्या कोवळ्या अंकुरात आपली बारीक नळी खुपसून अंडे घालते. अंड्यातून अळी निघाली की तिच्या भोवतीच्या झाडाच्या पेशी आपला नेहमीचा धर्म सोडतात. पान किंवा फांदी करण्याचे विसरून त्या अळीसाठी घर बांधू लागतात. आतल्या अंगाला साखर आणि प्रथिने यांनी भरलेला मऊ थर, तो अळीने खायचा. त्याबाहेर कठीण कवच. आणि सर्वांत बाहेर तुरटपणाने भरलेला जाड थर, की दुसऱ्या कोणी तोंड लावू नये. अळी आत वाढते, कोष करते, माशी होते, आणि मग दातांनी भिंत कुरतडून एक वाटोळे दार पाडून उडून जाते. अळीने विटा वाहिल्या नाहीत की चिखल तुडवला नाही. सगळा खर्च झाडाचा.

या तुरटपणाला शास्त्रात टॅनिन म्हणतात. चांगल्या मायफळात निम्म्याहून अधिक वजन टॅनिनचेच असते. तुम्ही लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोडी नि पाते दोन्ही काळी पडतात, हे पाहिले असेल. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग धरतो. युरोपातल्या लोकांनी हीच युक्ती करून मायफळाच्या काढ्यात हिराकस आणि डिंक घालून शाई केली, आणि हजारभर वर्षे राजांचे हुकूम, खतपत्रे, धर्मग्रंथ याच शाईने लिहिले. अमेरिकेचा १७७६ सालचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच जातीच्या शाईचा आहे. व्यापाऱ्यांना भोकाचे महत्त्व पक्के ठाऊक होते. माशी उडण्याआधी तोडलेली निळसर, हिरवट, जड मायफळे महाग. माशी उडून गेल्यावर गोळा केलेली फिकट, हलकी मायफळे स्वस्त. म्हणजे आजीचा आणि हलबच्या सौदागरांचा भाव एकच होता.

हे झाले गाठीचे. माझा खरा विषय आहे माशीचा. तिला ओळखायचे कसे, आणि तिच्या हजार बहिणींतून निवडायचे कसे.

मराठीत हिला रूढ नाव नाही. ही गांधीलमाशीच्या गणगोतातली, म्हणून आपण तिला आजपुरते गाठमाशी म्हणू. ही चावत नाही, डंख करत नाही, लांबी बहुधा दोनपासून सहा मिलिमीटर. रंग काळा किंवा तपकिरी. पाठीला पोक असल्यासारखी छाती, आणि पोट दोन्ही बाजूंनी चपटे, एखाद्या बीसारखे. मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. पंख चार, त्यांत शिरा थोड्या, आणि पुढच्या पंखाच्या कडेजवळ शिरांनी आखलेले एक लहानसे त्रिकोणी घर. भिंगातून हे घर दिसले की माशी बहुधा या कुळातली समजावी. या कुळाचे शास्त्रीय नाव सिनिपिडी. ओकवर गाठी करणाऱ्या यातल्या सुमारे एक हजार जाती आजवर माहीत झाल्या आहेत.

कुळापर्यंत पोचणे सोपे, जातीपर्यंत पोचणे महाकठीण. माशा एकमेकींसारख्या, तांदळाच्या दाण्यासारख्या. पण गाठी मात्र एकीसारखी दुसरी नाही. कोणाची गाठ सफरचंदासारखी मऊ, कोणाची गोटीसारखी टणक. कोणाची पानावर, कोणाची कळीत, कोणाची मोहोरावर, कोणाची मुळांवर. एकाच झाडाच्या एकाच फांदीवर दोन माशांनी अंडी घातली तर दोन तऱ्हेची घरे उभी राहतात. म्हणून जुन्या शास्त्रज्ञांनी विचार केला, घरावरून घरमालक ओळखावा. १७५८ साली स्वीडनच्या लिनियसने प्राण्यांना जोडनावे दिली. यात आडनाव आधी आणि नाव मागून, आपल्या शाळेतल्या हजेरीपटासारखे. त्याने गाठमाशांची नावेही गाठ कुठे आहे ते पाहून ठेवली. एक ओकच्या पानाची, एक ओकवरच्या बोरांची, असे.

युक्ती चांगली, पण तिला दोन खड्डे आहेत. दोन्ही खड्ड्यांत मोठमोठे विद्वान पडले आहेत, आणि पहिल्यात तर मीही पडलो आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. इटलीत फ्रान्सिस्को रेडी नावाचा एक मोठा वैद्य होऊन गेला. सडक्या मांसातून माशा आपोआप उपजतात, अशी त्या काळी सर्वांची समजूत होती. रेडीने मांस फडक्याने झाकून ठेवले आणि दाखवून दिले की माशी अंडी घालू शकली नाही तर अळ्या होत नाहीत. हे १६६८ साल. पण याच रेडीने ओकच्या गाठीपुढे हात टेकले. गाठीला बाहेरून भोक नाही आणि आत अळी आहे. तेव्हा झाडाच्या अंगच्या जीवशक्तीनेच ती जन्माला घातली असावी, असे त्याने लिहिले. पुढे त्याच देशातल्या मार्चेल्लो माल्पिगीने गाठी आणि माशा बारकाईने पाहून १६७९ साली प्रसिद्ध केले की गाठीचे मूळ माशीने घातलेल्या अंड्यात आहे. रेडी काही साधा माणूस नव्हे. ज्याने मांसावर फडके बांधले त्याने ओकच्या कळीवर तेच फडके बांधले नाही, एवढेच काय ते चुकले.

आता माझा खड्डा. कॉलेजात नव्याने शिकवू लागलो होतो. आंब्याच्या पानांवर मसुरीएवढे फोड येतात ते तुम्ही पाहिले असतील. तसली पाने मी एका बरणीत भरून ठेवली. आठ-दहा दिवसांनी बरणीत हिरव्या रंगाने चकाकणाऱ्या इवल्याशा माशा फिरू लागल्या. मला केवढा आनंद झाला! त्या टिपून, पुठ्ठ्यावर चिकटवून, खाली मोठ्या ऐटीत चिठ्ठी लिहिली, ‘आंब्याच्या पानावरील गाठ करणारी माशी.’ माझ्या गुरुजींनी भिंग लावले, हसले, आणि म्हणाले, "अरे, चोर सोडून पोलिसाला पकडून आणलंस!" गाठ केली होती डासासारख्या दिसणाऱ्या, दोन पंखांच्या एका नाजूक माशीने. माझ्या चकाकणाऱ्या माशा तिच्या अळ्या खाऊन बाहेर पडल्या होत्या. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

ओकच्या गाठीत तर हा प्रकार फारच चालतो. घर बांधलेले पाहून तिथे बिऱ्हाडकरू येतात. यांतले काही गाठमाशीच्याच कुळातले. त्यांना बहुधा स्वतः गाठ सुरू करता येत नाही, म्हणून दुसरीच्या गाठीत अंडी घालतात. त्यांची अळी मालकिणीला खात नाही, पण तिचे अन्न खाते, आणि जागेची अशी अडचण करते की पुष्कळदा मालकीण मरते. दिसायला हुबेहूब मालकिणीसारखी. भिंगातून पाहिले तर या बिऱ्हाडकरू माशांच्या पोटावरचे दोन पत्रे जुळून एकच मोठी ढाल झालेली दिसते, त्यावरून त्या ओळखाव्या. दुसरे पाहुणे याहून वाईट. ते भिंतीतून लांब नळी खुपसून थेट आतल्या अळीवर अंडे घालतात, आणि त्यांची पोरे त्या अळीवर पोसतात. यांना परोपजीवी म्हणतात. युरोप आणि त्याच्या आसपासच्या मुलखात ओकच्या गाठींतून अशा परोपजीवी माशांच्या शंभराहून अधिक जाती मिळाल्या आहेत. यांची खूण सोपी आहे. अंगावर हिरवी, निळी किंवा तांबूस धातूसारखी झळाळी, मिशा आपल्या कोपरासारख्या मध्येच वाकलेल्या, आणि पंखांत जवळजवळ एकच शीर.

भोकावरूनही अंदाज बांधता येतो. मालकीण सुखरूप निघाली असेल तर एकच वाटोळे, ठसठशीत भोक असते. बारीक बारीक भोके असतील तर समजावे की आतल्या घरात काही तरी निराळेच घडले.

दुसरा खड्डा याहून खोल. लिनियसने ज्या माशीला ‘बोरांची’ म्हटले, तिच्या गाठी युरोपातल्या ओकच्या मोहोरावर आणि कोवळ्या पानांवर मे महिन्यात येतात. मिरीदाण्याएवढ्या, रसाळ, कच्च्या करवंदासारखी लाली असलेल्या. त्यातून जूनमध्ये नर आणि माद्या दोन्ही निघतात. याच ओकच्या पानांच्या पाठीवर उन्हाळा सरताना निराळ्याच गाठी दिसू लागतात. चपट्या, वाटोळ्या, मधे किंचित उंच, लुगड्यावर शिवलेल्या टिकल्यांसारख्या. त्या माशीला ‘मसुरीसारखी’ अशा अर्थाचे नाव मिळाले. हिच्या गाठी गळतात, हिवाळाभर पाचोळ्यात पडून राहतात, आणि वसंताच्या सुरुवातीला त्यांतून फक्त माद्या निघतात. एकही नर नाही. घर निराळे, ऋतू निराळा, रूपही थोडे निराळे. साहजिकच पंडितांनी दोघींना निराळे नावच नव्हे, निराळे आडनावही दिले.

जर्मनीच्या उत्तरेला श्लेस्विग गावात हर्मान आडलर नावाचा एक डॉक्टर होता. त्याने ओकची लहान रोपे कुंड्यांत लावली. त्यांवर फडक्याचे पिंजरे बसवले, म्हणजे बाहेरची माशी आत यायची नाही. मग टिकलीसारख्या गाठींतून निघालेल्या माद्या त्या पिंजऱ्यांत सोडल्या. त्यांनी कळ्यांत अंडी घातली. डॉक्टर वाट पाहत बसला. वसंत आला, मोहोर फुटला, आणि मोहोरावर आल्या त्या करवंदांसारख्या गाठी! त्यांतून निघालेल्या नरमाद्यांचे मीलन झाले, माद्यांनी पानांवर अंडी घातली, आणि उगवल्या पुन्हा टिकल्या. म्हणजे आई टिकलीतली, मुलगी करवंदातली, नात पुन्हा टिकलीतली. पंडितांच्या वहीत दोन घराण्यांत लिहिलेल्या त्या दोघी मायलेकी निघाल्या. आडलरने आपले निष्कर्ष १८८१ साली छापले, आणि गाठमाशांची अर्धी वही पुसून पुन्हा लिहावी लागली.

याहून नवलाची एक आहे. ओकच्या शेंड्याला सफरचंदासारखी मऊ, मोठी गाठ येते. तिच्यात अनेक खोल्या, आणि खोलीखोलीत एक अळी. त्यातून निघालेली पंखांची मादी जमिनीत उतरून ओकच्या बारीक मुळांवर अंडी घालते. तिथे मातीखाली गाठी होतात, आणि दुसऱ्या हिवाळ्यात ऐन थंडीत त्यांतून ज्या माशा निघतात त्यांना पंखच नसतात. त्या मुंगीसारख्या खोडावरून चालत शेंड्यापर्यंत चढतात आणि कळीत अंडी घालतात. पंखवाली आणि बिनपंखांची यांना कोणी एका जातीचे म्हणेल का? नाहीच म्हटले. यांचीही आडनावे निराळी होती.

आणखी एक माशी अशी, की तिची एक पिढी एका जातीच्या ओकवर आणि पुढची पिढी दुसऱ्या जातीच्या ओकवर. तिच्या गोटीसारख्या गाठी रंगासाठी आणि शाईसाठी उपयोगी, म्हणून एकोणिसाव्या शतकात त्या मुद्दाम इंग्लंडात नेल्या गेल्या. तिथे तिला दोन्ही तऱ्हेचे ओक मिळाले म्हणूनच ती रुजली. तुर्की ओक शोभेसाठी आधीच कोणी लावून ठेवले होते.

मग वर्गीकरण करणाऱ्याने करावे काय? एक गाठ आणि एक माशी यांवर भागत नाही, हे उघड झाले. अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी नावाच्या प्राध्यापकाने हे मनावर घेतले. माणसांच्या खासगी वर्तनाची पाहणी करून पुढे हा गृहस्थ जगभर गाजला; पण त्याआधी वीस वर्षे तो संयुक्त संस्थाने आणि मेक्सिकोच्या रानावनांतून पाठीवर पिशवी टाकून गाठी गोळा करीत हिंडत होता. एका जातीच्या दोनचार माशा पाहून त्याचे समाधान होत नसे, शेकड्यांनी लागत. गाठमाशांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९३० साली निघाला. १९५६ साली तो वारला, आणि त्याचा लक्षावधी नमुन्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गेला. त्याने ठरवलेल्या सगळ्याच जाती पुढच्यांनी मानल्या नाहीत. पण नमुने जपून ठेवले, त्यामुळे तपासणे शक्य झाले. आता दोन पिढ्यांतले नाते पेशींतल्या डीएनएवरूनही जुळवता येते. तरी ती माशी कोणत्या गाठीतून, कोणत्या झाडावरून, कोणत्या तारखेला निघाली ही चिठ्ठी नसेल, तर डीएनए बिचारे एकटे काय सांगणार?

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सगळे मनोरंजक आहे, पण ओक आमच्या बांधावर नाही. या माशीची ओळख पटली काय नि न पटली काय, आमच्या पदरात काय पडणार?

दोन गोष्टी सांगतो. ओकच्याच कुळात चेस्टनट नावाचे खाण्याच्या फळांचे झाड आहे. चीनमधली एक गाठमाशी त्याच्या कळ्यांत गाठी करते. ती १९४१च्या सुमाराला जपानात दिसली, आणि २००२ साली इटलीत. कळीच गाठ झाली तर फळ कुठून धरणार? तिच्यावर औषध फवारून उपयोग नाही, कारण अळी भिंतीआड. तेव्हा शास्त्रज्ञांनी चीनमधूनच तिचा परोपजीवी शत्रू आणला. जपानात तो १९८२ साली सोडला, इटलीत २००५ साली, आणि माशीचा जोर मोडला. पण जपानात पंचाईत अशी होती की त्या चिनी मित्रासारखाच दिसणारा एक देशी परोपजीवी आधीच होता. सोडला तो जगला का, की बरणीत दिसतो तो देशीच, हे ठरवायला मादीच्या अंडी घालायच्या नळीची लांबी मोजत बसावे लागले.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इकडच्या भातवाल्या शेतकरी बंधूंना गादमाशी सांगायला नको. ही गाठमाशी नव्हे. ही दोन पंखांची, लांब पायांची, डासासारखी तांबूस माशी. पण धंदा तोच. हिची अळी भाताच्या फुटव्याच्या गाभ्यात बसली की फुटव्याची पोकळ, चंदेरी, कांद्याच्या पातीसारखी नळी होते. हाच पोंगा, हीच गाद. त्याला लोंबी धरत नाही. आता असा एक पोंगा चिरून पाहा. कधी त्यात एक तांबूस कोष मिळेल, ती गादमाशी. पण कधी अळीचे कातडे टम्म फुगलेले आणि आत बारीक दाण्यांनी भरलेले दिसेल. ती शेकोटीत टाकू नका! ते दाणे म्हणजे प्लॅटिगॅस्टर नावाच्या काळ्या, चार पंखांच्या, चिलटाहून लहान माशीची पिल्ले. एका अंड्याची अनेक पिल्ले होतात, आणि एका अळीतून ती डझनांनी बाहेर पडतात आणि शेतात नव्या अळ्या शोधीत जातात. म्हणूनच कृषिशास्त्रज्ञ असे परोपजीवी असलेले पोंगे मुद्दाम शेतात ठेवायला सांगतात. गादेतून माशी निघाली म्हणजे ती गादमाशीच, असे धरून जो सरसकट फवारा मारतो, तो माझ्यासारखाच पोलिसाला पकडतो. माझ्या चुकीने एक पुठ्ठा फुकट गेला, त्याच्या चुकीने पीक जाते.

शिक्षक मित्रहो, आता थोडे तुमच्याशी. शाळेत सूक्ष्मदर्शक नसला तरी हे काम होते. लोणच्याची रिकामी बरणी, जुन्या मलमलीचे फडके आणि एक दहापट मोठे दाखवणारे भिंग, एवढे पुरे. पोरांना गाठी आणायला सांगा. करंजाच्या पानावर बोटांसारखे उभे फोड येतात, सातविणीच्या पानावर येतात, उंबराच्या पानावर येतात, आंब्याचे तर सांगितलेच. एका बरणीत एकाच झाडाच्या आणि एकाच तऱ्हेच्या गाठी ठेवा; भेळ करू नका. तळाला ओलसर टिपकागद, फार ओला नको, बुरशी धरते. बरणीला चिठ्ठी: झाड, गाव, तारीख, गाठ पानाच्या वर की खाली. रोज सकाळी हजेरीनंतर एका मुलाने पाहायचे आणि जे निघाले ते वहीत लिहायचे. पंख दोन की चार, मिशा सरळ की वाकलेल्या, अंग झळाळते की नाही. आणि निम्म्या गाठी ब्लेडने चिरून पाहा. आत काय बसले होते आणि बाहेर काय निघाले, दोन्ही एकमेकांसमोर मांडा. करंजाच्या फोडात तुम्हाला माशी मिळणारच नाही. तिथे आठ पायांचे नाही, चारच पायांचे, डोळ्यांना न दिसणारे कोळीकीटक असतात. सातविणीच्या गाठीत उड्या मारणारी एक चिमुकली कीड मिळेल. प्रत्येक झाडाचा घरबांध्या निराळा. पहिल्या वर्षी जातीचे नाव लिहायची घाई करू नका. ‘आंब्याच्या गाठीतून निघालेली’ असे लिहा, ‘गाठ करणारी’ असे लिहू नका. या दोन शब्दांत काय अंतर आहे ते मुलांना आपोआप कळू लागेल.

बाळगुटीच्या डब्यात मायफळाच्या शेजारी काकडशिंगी असेल तर तीही काढा. शिंगासारखी वाकडी, पोकळ, लालसर तपकिरी. तीही गाठच, हिमालयातल्या काकडा झाडाची. पण ती केलेली आहे मावा किडीने. एका डब्यात दोन निराळ्या किड्यांची घरे.

आणि दुकानात जाऊन एक बिनभोकाचे, चांगले जड मायफळ विकत आणा. अडकित्त्याने मधोमध फोडा, हलक्या हाताने, नाही तर भुगा होईल. मधे वाटाण्याहून लहान अशी एक पोकळी दिसेल. ती पांढऱ्या कागदावर झटकून भिंग धरा. कधी नुसती वाळलेली अळी पडेल; पण नशीब असेल तर पोक काढलेली, पाय आखडून घेतलेली, तपकिरी माशी पूर्ण सापडेल. तिच्या पुढच्या पंखाच्या कडेला ते त्रिकोणी घर आहे का, ते मात्र आधी बघा.